फ्लेकेनश्टाइन की बेर्वार्टस्टाइन?

फ्रान्सचा उत्तर अल्सास आणि जर्मनीचं फाल्त्स यांच्यामधल्या जंगलात तांबड्या वालुकाश्माचे सुळके आहेत आणि त्यांवर किल्ले. हाताशी एकच दिवस असेल तर प्रश्न पडतो.

फ्रान्सच्या बाजूचा फ्लेकेनश्टाइन बाराव्या शतकातला. फ्रेंच सैन्याने तो 1680 मध्ये उद्ध्वस्त केला. पण खरा किल्ला खडकाच्या पोटातच आहे: खोल्या, जिने, सगळं कोरलेलं. पायऱ्यांवरून हात फिरवला की छिन्नीचे घाव लागतात.

जर्मनीतला बेर्वार्टस्टाइन 1591 च्या आगीत जळाला आणि 1893 पासून पुन्हा बांधला गेला. त्यामुळे छप्पर आहे, दालनं आहेत, 104 मीटर खोल विहीर आहे. मुलांना तो आवडेल. या किल्ल्याचा जुना मालक, सरदार हान्स फॉन ट्रोथा, याची गोष्ट तर ऐकायलाच हवी: त्याने नदीवर बांध घालून विसेम्बुर्ग गावाचं पाणी तोडलं, मग बांध फोडून गावात पूर आणला!

माझी पसंती फ्लेकेनश्टाइनला. डागडुजीने झाकलेल्या भिंतींपेक्षा उघडा खडक जास्त बोलतो. शिवाय तिथून जंगलातल्या पायवाटेने चालत जर्मनीत शिरता येतं, 572 मीटर उंचीवरच्या वेगेल्नबुर्ग किल्ल्यापर्यंत. चांगले बूट मात्र हवेत.