शाळेची घंटा: शिपाई, प्रोग्रॅम घड्याळ की मास्टर घड्याळ?

एकोणिसाव्या शतकातली वर्गखोली आज पुन्हा उभी करायची आणि तिची घंटा खरोखर वाजती ठेवायची असं ठरलं, की आधी एक गोष्ट नक्की करावी: घड्याळाकडे रोज कोण बघणार? त्या काळच्या अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या व्यवस्थांपैकी कुठली झेपेल, हे त्यावरच ठरतं.

भिंतीवरचं घड्याळ आणि हातातली घंटा

बहुतेक शाळा याच्यावरच चालल्या. अष्टकोनी चौकट, 12 इंची तबकडी, खाली लहानसा लंबक आणि आठवड्याची स्प्रिंग. चावी भरल्या दिवशी स्प्रिंगचा जोर जास्त असतो, आठव्या दिवशी तो उतरतो आणि चाल बदलते. म्हणून चावी दर आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या वेळीच द्यावी. ठोके समान अंतराने पडतात का, ते कान देऊन ऐकावं. टिक आणि टॉक यांत लंगडेपणा असेल तर चौकट किंचित डावी-उजवीकडे सरकवून पाहावी. असं घड्याळ चांगल्या स्थितीत असलं, तरी आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे होणारच.

घड्याळ कुठल्या वेळेला लावायचं, हेही ठरवावं लागतं. अमेरिकेत रेल्वेची प्रमाणवेळ 18 नोव्हेंबर 1883 पासून आली. 1880 च्या दशकातली मुंबईतली शाळा दाखवायची असेल, तर मुंबईची स्थानिक वेळ आणि रेल्वेची मद्रास वेळ यांत अर्ध्या तासाचा फरक होता, हे लक्षात ठेवावं. भारतीय प्रमाणवेळ 1906 ची.

प्रोग्रॅम घड्याळ

शतकाच्या अखेरीस आलेली ही जात आमच्या मते सर्वांत समाधान देणारी आहे. एकच घड्याळ वेळही दाखवतं आणि ठरल्या वेळी विजेच्या घंटाही वाजवतं.

आतली रचना समजून घेण्यासारखी आहे. तासकाट्याच्या गतीने, बारा तासांत एक फेरा घेणाऱ्या चाकावर दर पाच मिनिटांना एक अशी 144 छिद्रं धरा. ज्या वेळी घंटा हवी, त्या छिद्रात पिन बसवायची. आता हे चाक 10 सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर पाच मिनिटांत त्याची कड जेमतेम 2.2 मिलिमीटर सरकते, आणि पाच सेकंदांत 0.04 मिलिमीटरहूनही कमी. एवढ्या हालचालीवर घंटा नेमकी सुरू करून बंद करणं अशक्य. त्यामुळे तीन कॉन्टॅक्ट, म्हणजे जुळले की वीज पुढे जाऊ देणारे धातूचे तुकडे, एकामागोमाग जोडतात. पिनचा कॉन्टॅक्ट काही मिनिटं जुळलेला राहतो. मिनिटकाट्याच्या दांड्यावरचा दर पाच मिनिटांनी, सुमारे मिनिटभर जुळतो. तिसरा एस्केप व्हीलच्या, म्हणजे लंबकाच्या झोक्यांबरोबर सुटत जाणाऱ्या दातेरी चाकाच्या, दांड्यावर असतो. सेकंदाच्या (दर सेकंदाला एक झोका घेणाऱ्या) लंबकाबरोबर 30 दात्यांचं हे चाक मिनिटात एक फेरा घेतं, म्हणून त्याचा कॉन्टॅक्ट मिनिटातून एकदाच, चार-पाच सेकंद जुळतो. तिन्ही एकाच वेळी जुळले तरच घंटा वाजते.

बिघाडही इथूनच सुरू होतात. तिसरा कॉन्टॅक्ट घासून चालतो आणि तिथे चाकांच्या साखळीतला जोर सर्वांत कमी उरलेला असतो. त्याची पट्टी जरा घट्ट झाली की घड्याळच थांबतं, आणि स्प्रिंगचं असेल तर बहुधा आठवड्याच्या शेवटी. वजनावर चालणाऱ्या घड्याळात जोर सारखा राहतो, म्हणून निवड करायची झाली तर वजनाचंच घ्यावं. दुसरा त्रास ठिणगीचा. दर घंटेला कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, काळा थर जमतो आणि एक दिवस मधल्या सुट्टीची घंटा वाजतच नाही. हा थर जाड कागदाची पट्टी फिरवून काढावा. पॉलिश पेपर लावला तर कॉन्टॅक्टवरचा चांदीचा किंवा प्लॅटिनमचा पातळ थरही निघून जातो.

बारा तासांचं चाक सकाळी दहाची घंटा रात्री दहालाही वाजवतं. ज्या घड्याळात सात दिवसांत एक फेरा घेणारं वारांचं चाक आहे, ते रात्री आणि रविवारी गप्प राहतं. ते नसेल तर संध्याकाळी कुणीतरी आठवणीने स्विच बंद करायला हवा.

घंटांची जोडणी समांतर करावी, म्हणजे प्रत्येक घंटेला बॅटरीपासून स्वतंत्र वाट असावी. थरथरणाऱ्या घंटा एकामागोमाग जोडल्या तर प्रत्येक घंटा आपल्या लयीत प्रवाह तोडते आणि एकही नीट वाजत नाही.

बॅटरी त्या काळासारखी हवी असेल, तर लेक्लांशे सेल (1866). काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी, जस्ताची कांडी, आणि सच्छिद्र मातीच्या भांड्यात कार्बन व मँगनीज डायऑक्साइड. लिटरभर पाण्याला साधारण दीडशे ग्रॅम नवसागर पुरतो. प्रत्येक सेल सुमारे दीड व्होल्ट देतो. थोडा वेळ काम आणि मग विश्रांती, हेच त्याला मानवतं, म्हणून घंटेसाठी तो उत्तम. कॉन्टॅक्ट चिकटून घंटा सतत वाजत राहिली तर मात्र तो लवकर दमतो. बरणीच्या काठाला मेण लावावं, नाहीतर क्षार चढून बाहेर येतात आणि पितळी टोकं खातात.

मास्टर घड्याळ आणि वर्गावर्गांत तबकड्या

अनेक खोल्यांच्या शाळेसाठी हा थाट: एक मुख्य घड्याळ वेळ राखतं आणि खोल्याखोल्यांतल्या तबकड्या त्याच्या इशाऱ्यावर चालतात. सुमारे 99.4 सेंटिमीटर लांबीचा सेकंदाचा लंबक, आणि दर मिनिटाला (ब्रिटनमध्ये पुढे दर अर्ध्या मिनिटाला) सगळ्या तबकड्यांना विजेचा एक झटका. झटका मिनिटाचा असेल तर तबकडीतला विद्युतचुंबक 60 दात्यांचं चाक एक दाता पुढे ढकलतो. या लंबकाची लांबी 1 मिलिमीटर बदलली तर दिवसाला सुमारे 43 सेकंदांचा फरक पडतो. पोलादी दांडी तापमान 10 अंशांनी वाढल्यावर दिवसाला 5 सेकंद मागे पडते; लाकडी दांडीचं नुकसान त्याहून कमी.

चाल अशी उत्तम असली, तरी एखादा झटका चुकला की ती तबकडी कुणी हाताने पुढे करेपर्यंत एक मिनिट मागेच राहते. तबकड्या एकामागोमाग जोडल्या तर एक सैल तार सगळ्या थांबवते, पण ते लगेच कळतं. समांतर जोडल्या तर एकच गुपचूप मागे पडते. तारांची माहिती असलेला माणूस हाताशी असेल तरच या वाटेला जावं.

हवेवर चालणारी

पॅरिसमध्ये 1880 पासून दाबाच्या हवेवर शहरभर घड्याळं चालत होती. जानेवारी 1910 च्या पुरात ती बंद पडली. एका शाळेसाठी कॉम्प्रेसर आणि नळ्यांची गळती सांभाळणं आम्ही सुचवणार नाही.

मग काय घ्यावं

एक-दोन खोल्या आणि रोज येणारा माणूस असेल, तर भिंतीवरचं घड्याळ आणि हातातली घंटा पुरे. चार-पाच खोल्या असतील तर वजनाचं प्रोग्रॅम घड्याळ. त्यापलीकडेच मास्टर.

प्रोग्रॅम घड्याळ विकत घेताना आधी पिना मोजा. सुट्या पिनांची पेटी बहुतेकदा हरवलेली असते, आणि दुसऱ्या घड्याळाच्या पिना बसतीलच असं नाही. मग घंटांचा स्विच बंद करून काटे हळूहळू पुढेच फिरवा. मागे फिरवलेत तर पिना वाकतात. 3 ते 6 व्होल्टची बॅटरी लावून प्रत्येक पिनला घंटा वाजते का, ते दिवसभर घड्याळ चालू ठेवूनच तपासा. जुन्या कापडी आवरणाच्या तारांना घरची 230 व्होल्टची वीज कधीही जोडू नका.