वाचनालयाचं ई-बुक अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले, म्हटलं आता लिहून टाकू. आमच्या यावल तालुक्यातल्या एका वाचनालयानं वर्गणीतून ई-बुक अ‍ॅप घेतलं, सभासदाला वेगळे पैसे नाहीत, मोबाईल नंबर टाकला की चालू.

चांगलं आधी. अक्षर मोठं करता येतं म्हणून आमचे अण्णा मोतीबिंदूनंतर परत वाचायला लागले, आणि डाउनलोड केलेलं रेंज नसली तरी चालतं, रात्रीची थ्री फेज आली की केळीची मोटर चालू करायची आणि बांधावर वाचत बसायचं, मस्त.

आता त्रास. एक कॉपी एकावेळी एकालाच. अरे फाईल आहे ना ती, तरी माझ्यापुढे अकरा जण वेटिंगला! आणि जूनमध्ये अण्णांची कादंबरी निम्म्यात असताना सकाळी उघडलं तर कव्हर राखाडी, 'उपलब्ध नाही'. ग्रंथपालांना विचारलं तर म्हणे, "आपण विकत कुठे घेतलं होतं ना भो, लायसन होतं, संपलं."

मग नेटवर बघितलं तर बाहेरही हीच बोंब. अमेरिकेत हार्परकॉलिन्स या प्रकाशकानं २०११ मध्ये लायब्ररींना नियमच लावला, ई-बुक २६ वेळा दिलं की संपलं, परत पैसे भरा. २६! आमच्या कपाटातल्या एका पुस्तकाचं बाइंडिंग दोनदा झालंय, मागच्या तारखांच्या कागदावर तिसरा कागद चिकटवलाय, तरी अजून घरोघर फिरतंय आणि कोणाला विचारावं लागत नाही. इंटरनेट आर्काइव्ह ही नेटवरची लायब्ररी, ते छापील पुस्तकं स्कॅन करून उसनी द्यायचं, त्यांच्यावर प्रकाशकांनी २०२० मध्ये केस टाकली, २०२४ ला आर्काइव्ह अपिलातही हरलं.

सगळ्यात डोकं फिरलं ते साने गुरुजींवरून. गुरुजी इथे अमळनेरला शिक्षक होते, १९५० ला गेले, आपल्याकडे कॉपीराइट लेखकानंतर ६० वर्षं, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं २०११ पासून मोकळं. अ‍ॅपमध्ये त्यालाही वेटिंग, बोला! मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या साइटवरून दोन पुस्तकं उतरवली आणि पेनड्राइव्हवर वाचनालयाला देऊन आलो.

पाचपैकी अडीच स्टार, त्यातला दीड अण्णांच्या मोठ्या अक्षराचा. कादंबरी मामेभावानं भुसावळहून छापील आणली, आता मी रात्री मोठ्यानं वाचून दाखवतो. पुढच्या महिन्यात रिन्युअलची मीटिंग आहे, मी जाणार.