बचत गटाची भांडी: साक्षगंधाला तीनशे ताटं आणली, त्याचा अनुभव

पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरीच मांडव टाकून केलं. मांडव-भांडी भाड्यानं देणारा बिछायतवाला पत्रावळ्या, कागदी पेले सारं आणून टाकतो म्हणत होता. मीच नको म्हटलं. गेल्या उन्हाळ्यात उकंड्यातलं शेणखत वावरात टाकलं, तर साऱ्या गावाच्या लग्नांतल्या चंदेरी पत्रावळ्याही सोबत आल्या. वखर दहा पावलं गेला की त्याच्या पासेला, म्हणजे पात्याला, पत्रावळ्यांचा गुंडाळा. बैल थांबवा, पास मोकळी करा, पुन्हा हाका. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण चंदेरी पत्रावळ कागदाची दिसते म्हणून कोणी हटकत नाही. कागद सडतो, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा जसाच्या तसा.

म्हणून गावातल्याच महिला बचत गटाची स्टीलची भांडी आणली. ताट, दोन वाट्या, पेला मिळून सेटचे चार रुपये. तीनशे सेटचे बाराशे, अनामत दोन हजार वेगळी. रांधायचे गंज (मोठी पातेली) आणि वाढायची वगराळी त्यांच्याकडे नाहीत, ती बिछायतवाल्याकडूनच आणावी लागली.

तक्रार डागांची. आमचा दर्यापूरकडचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं, ताट वाळलं की पांढरे डाग. सोयरे पाहतील म्हणून घरच्या बायकांची अख्खी सकाळ ताटं पुसण्यात गेली. भाडं घेता तर पुसून द्या ना!

अट एक आहे, जेवणाऱ्यानं आपलं ताट आपणच विसळायचं. राखेची घमेली अन् पाण्याची टाकी तेच मांडून देतात. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, राखच बरी. पण सोयऱ्यांना हे सांगायचं कोणत्या तोंडानं? पहिले पाच-सहा जण ताट तिथंच ठेवून निघाले. मग व्याहीच बाह्या सावरून घमेल्यापाशी बसले, अन् त्यांच्या मागं सारी पंगत. शेजारच्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा जेवायचं गाडगंच सोबत घेऊन फिरत. आम्हाला नुसतं विसळायची लाज.

रात्री मोजणी झाली. सात पेले कमी, तीसच्या हिशेबानं दोनशे दहा कापले. गावातलीच माणसं आपण, जरा सैल सोडायला हरकत नव्हती. तिसऱ्या दिवशी गव्हाणीत कुटाराखाली तीन पेले सापडले. नेऊन दिले, तर अध्यक्षबाईंनी वही काढून सही घेतली अन् नव्वद रुपये हातावर ठेवले.