खोकं दुसऱ्या आवृत्तीचं, आत लेन्स पहिली

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण फोटोग्राफरने ऑगस्टमध्ये बेळगावच्या बसस्टँडसमोर ६२ हजार रुपये देऊन कॅननची २४-७० एफ/२.८ एल, दुसरी आवृत्ती, म्हणून एक लेन्स घेतली. एल म्हणजे कॅननची लाल पट्टीची, 'प्रोफेशनल' मालिका; २४-७० हा झूम मिमीत, आणि एफ/२.८ म्हणजे प्रकाशाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) किती मोठं उघडतं तो आकडा. विकणारा स्वतःला कोल्हापूरचा म्हणवत होता. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो आणि त्याआधी गावोगावची पोरं उसनवारी करून लेन्सा घेतात, म्हणून हा प्रकार नाव न घेता पण तपशिलासकट सांगतो आहोत.

पहिली फसवणूक बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यात होती. विकणाऱ्याने लेन्स स्वतःच्या फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला लावून दाखवली. समोरचा सगळा रस्ता फ्रेममध्ये आला, पोरगा खूश. त्याची स्वतःची बॉडी मात्र क्रॉप (लहान) सेन्सरची, म्हणजे दृश्य १.६ पट जवळ आणणारी. तिच्यावर २४ मिमी म्हणजे जवळपास ३८ मिमीचा अँगल. हिशेब सोपा आहे. तीन मीटरवरून फुल-फ्रेमवर साडेचार मीटर रुंदी येते. त्याच लेन्सने क्रॉपवर येते २.८ मीटर. गावात घरापुढच्या मांडवात मागे सरायला जागा नसते. आंतरपाट धरलेला, दोन्हीकडे मामा, बाजूला भटजी, २.८ मीटरमध्ये कोणीतरी कापला जाणारच. १७ मिमीपासून सुरू होणारी लेन्स त्याच जागेवरून ३.९ मीटर घेते. म्हणजे लेन्स अस्सल आणि ठणठणीत असती, तरी या कामाला चुकीचीच होती.

दुसरी फसवणूक खोक्यात. खोक्यावर दुसरी आवृत्ती छापलेली, आत २००२ साली आलेली पहिली. दुसरी २०१२ ची, आणि तिची किंमत कितीतरी जास्त. फरक हातात घेताच कळतो. पहिलीचा फिल्टर ७७ मिमीचा, वजन ९५० ग्रॅम. दुसरीचा ८२ मिमीचा, ८०५ ग्रॅम. दुसरीवर एल नंतर रोमन दोनचा आकडा कोरलेला असतो. पुढच्या झाकणाच्या आतली बाजू बघितली असती, तरी ७७ दिसले असते. लेन्सवरचा सीरियल नंबर खोक्याशी आणि बिलाशी ताडून बघायचा, हे तर आधीच करायला हवं.

बिलही होतं. दुकानाचा पत्ता कोल्हापूरचा, पण जीएसटी नंबरची सुरुवात २९ ने. महाराष्ट्राचा कोड २७, कर्नाटकाचा २९, गोव्याचा ३०. आपण सीमेवर राहतो, तिन्हीकडून माल घेतो. हे आकडे पाठच असू द्या, आणि पंधरा अक्षरी नंबर पैसे देण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा.

घरी आल्यावर खरं दुखणं कळलं. आत बुरशी. खानापूर, आंबोली, चोर्ला भागातल्या पावसात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. तपासायची रीत अशी: दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाईलची टॉर्च तिरकी धरा, पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स खाली ठेवा. कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरून काढल्यावर उघडंच असतं. निकॉनच्या जी (अ‍ॅपर्चरची रिंग नसलेल्या) लेन्समध्ये मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून उघडावं लागतं. बुरशीने काचेचं कोटिंग खाल्लं असेल, तर साफ करूनही डाग जात नाही. आणि तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवू नका, पिठूळ धूळ आत जाते. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

शिवाय लेन्स कधीतरी पडलेली होती. भिंतीवर 'तरुण भारत'ची चार पानं सपाट चिकटवून, ट्रायपॉडवर, दोन सेकंदांच्या टायमरने, एफ/२.८ वर २४, ५० आणि ७० ला फोटो काढले, तेव्हा उजवीकडची अक्षरं सगळीकडे पुसट. क्रॉप सेन्सर लेन्सचा फक्त मधला भाग वापरतो, कडेचे दोष त्यात झाकले जातात. तरीही एक बाजू पुसट येते, म्हणजे आतली काच चांगलीच सरकली आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर, संध्याकाळच्या उजेडात, हे दिसणं शक्यच नव्हतं. स्वतःची बॉडी, दिवसाउजेड आणि लॅपटॉप, तिन्ही बरोबर नेल्याशिवाय पैसे देऊ नका. एफ/८ वरही झूम फिरवत पाच-सहा फोटो काढा. अ‍ॅपर्चरला वीज नेणारी आतली चपटी वायर तुटत आलेली असेल, तर पूर्ण उघड्यावर सगळं नीट चालतं आणि छिद्र लहान करताच एरर ०१ येते.

त्याला हवी होती ती १७-५० एफ/२.८, क्रॉपसाठीच बनवलेली, दुसऱ्या कंपन्यांची असली तरी चालेल. आणि नवरीच्या चेहऱ्यासाठी ५० मिमी एफ/१.८, जी क्रॉपवर ८० मिमीचं काम करते. पट्टी लाल नाही एवढंच. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० वाल्यांनी ५० घेताना एएफ-एस, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच असलेली, बघून घ्यावी. स्वस्त पडते म्हणून डी मालिकेतली घेतली, तर या बॉडीत मोटर नसल्याने फोकस हातानेच फिरवावा लागेल.

पैसे यूपीआयने गेले. नंबर दुसऱ्या दिवशी बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन त्याने पाचव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं होतं. हा फोन त्याच तासात करायचा असतो, कारण पैसे पुढे सरकण्याआधीच ते गोठवता येतात. जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा, व्यवहार क्रमांकाचा पैसे देताच. त्याची जाहिरात रात्रीतच काढून टाकली होती.