लिब्रेऑफिस कॅल्क: शॉर्टकट आपल्या सोयीने लावण्याची मुभा

दिवसाचा बराच वेळ स्प्रेडशीटमध्ये घालवणाऱ्या माणसाला कीबोर्डचे शॉर्टकट आपल्या सवयीप्रमाणे लावता यावेत, एवढी एकच कसोटी लावली तर लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचातील स्प्रेडशीटचा प्रोग्राम कॅल्क हा एक्सेल आणि गूगल शीट्स या दोहोंपेक्षा बरेच पुढे आहे. विंडोजवरील एक्सेलमध्ये मूळ शॉर्टकट बदलण्याची थेट सोयच नाही, यावर अनेकांचा चटकन विश्वास बसत नाही, कारण वर्डमध्ये आणि मॅकवरील एक्सेलमध्ये ती आहे. विंडोजवर मग क्विक ॲक्सेस टूलबारवर (खिडकीच्या वरच्या भागातील छोट्या पट्टीवर) कमांड ठेवून ऑल्ट आणि आकडा दाबावा लागतो, नाहीतर मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहून त्याला कंट्रोलसोबत एखादे अक्षर द्यावे लागते. आणि मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की आधीची कामे अनडू करण्याची सोय सहसा जाते, जे हिशेबाच्या कामात परवडणारे नाही. गूगल शीट्समध्येही मॅक्रोंसाठी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एक आकडा अशा १० जागांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

कॅल्कमध्ये टूल्स मेनूतून कस्टमाइझ उघडून कीबोर्ड हा टॅब निवडला की शॉर्टकटची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे त्याला नेमलेले काम दिसते. खालच्या भागात कमांडचे वर्ग आणि त्या वर्गातील कमांड असतात. सर्चच्या चौकटीत नावाचा तुकडा टाइप केला तरी हवी ती कमांड सापडते, आणि वर्ग धुंडाळण्यापेक्षा हाच मार्ग बरा. नेमणूक संपूर्ण लिब्रेऑफिससाठी करायची की केवळ कॅल्कसाठी, हे मात्र आधी ठरवावे. हिशेबाच्या कामांसाठी कॅल्कचाच पर्याय निवडावा, नाहीतर रायटरमध्ये मजकूर लिहिताना तेच बटण भलतेच काही करू लागते.

या सोयीचा खरा लाभ पेस्ट करताना होतो. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबल्यावर पेस्ट स्पेशलची चौकट उघडते, परंतु फक्त संख्या, फक्त मजकूर किंवा फक्त फॉर्म्युला पेस्ट करणाऱ्या कमांड वेगवेगळ्या असल्यामुळे त्यांना स्वतंत्र शॉर्टकट देऊन ती चौकट पूर्णपणे टाळता येते. ज्या कॉलममध्ये संख्या आणि मजकूर मिसळलेले आहेत, तेथे यांपैकी एकाच कमांडवर विसंबून चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. याहूनही अधिक आवडलेली गोष्ट म्हणजे सेलच्या स्टाइललाही शॉर्टकट देता येतो: एकूण रकमेच्या ओळीसाठी एक स्टाइल आणि तपासायच्या नोंदींसाठी दुसरी बनवली, की रंग, ठळकपणा आणि संख्येचा फॉरमॅट एकाच दाबात लागतात. मॅक्रोही याच यादीत असतात.

उणिवाही आहेत. यादी शॉर्टकटच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे रिकामी जागा शोधायला बरेच खाली सरकावे लागते. व्यापलेल्या जागी नवी कमांड नेमली की तिथली जुनी जाते, म्हणून यादीत समोर काय लिहिले आहे ते आधी वाचावे. करड्या रंगात दिसणारे शॉर्टकट बदलताच येत नाहीत, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःसाठी राखलेली बटणे कॅल्कपर्यंत पोहोचतच नाहीत. यादीत मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात चालेलच असे नाही.

पुष्कळांचा मूळ त्रास मात्र वेगळाच असतो. डिलीटने सेल रिकामा होतो, तर बॅकस्पेसने काय काय पुसायचे हे विचारणारी चौकट उघडते. लिब्रेऑफिस ज्यातून निघाले त्या जुन्या ओपनऑफिसची सवय असलेल्यांना हे उलटे वाटते. त्यांनी एकेक बटण बदलत बसू नये. ऑप्शन्समध्ये कॅल्कखाली कंपॅटिबिलिटीत जुनी मांडणी निवडली की काम भागते. तिच्यामुळे कंट्रोल आणि डी यांचे कामही बदलते: वरचा सेल खाली भरण्याऐवजी कॉलममधील आधीच्या नोंदींची यादी उघडते.

सगळे मनासारखे लागल्यावर त्याच टॅबमधील सेव्हने ती मांडणी फाइलमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या संगणकावर लोडने आणावी. नुसती स्प्रेडशीट पाठवली तर हे शॉर्टकट तिच्याबरोबर जात नाहीत.