मांजराच्या पंजाची जखम, गांधीलमाशीचा डंख आणि कापडी कॉलर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चिंगीच्या पुढच्या पंजाच्या गादीला पत्र्याने खोल कापलं, तेव्हा मृगाच्या तोंडावर ही कापडी कॉलर घेतली. आता थंडी सरत आली. मधल्या काळात ती चिंगीने वापरली, नंतर काळूने. कॉलर म्हणजे मांजराने जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा, आत पातळ फोम घातलेला कापडी कोन, मागे वेल्क्रोची पट्टी आणि गळ्यातला पट्टा ओवायला छोटे फासे. दुकानात याच्या शेजारीच प्लास्टिकचा कोन आणि गळ्यात घालायची गोल, उशीसारखी कॉलर असते. पुढच्या पंजाची जखम असेल तर ती गोल कॉलर घेऊ नका, हे आधीच सांगते. मांजर पुढचा पाय सहज तोंडापर्यंत उचलतं, उशी मध्ये येतच नाही. शेजारच्या मांजरीला ती घातली होती आणि ती निवांत बसून पंजा चाटत होती.

चाटण्याला मी इतकी घाबरते याचं कारण मांजराची जीभ. तिच्यावर आत वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखांच्याच द्रव्याचे. केस विंचरायला ते उत्तम, पण जखमेवर धरलेली कोवळी कातडी ते खरवडून काढतात आणि टाके ओढतात. पंजाच्या गादीवर तर अंगाचा भारही पडतो, त्यामुळे ती जखम पोटावरच्या जखमेपेक्षा सावकाश भरते. मलम कुठलं, पट्टी कुठली, हे सगळं नंतर. जीभ थांबली नाही तर त्यातलं काहीच टिकत नाही.

माप घेताना दोन गोष्टी बघा. गळ्याचा घेर, आणि गळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर. कोनाची कड नाकाच्या दोनतीन सेंटिमीटर पुढे आली पाहिजे. गळ्याशी दोन बोटं सरकतील इतकी जागा हवी, त्याहून सैल ठेवली तर मांजर पुढचा पाय आत अडकवून घेतं. पाकिटावर वजनाप्रमाणे आकार छापलेले असतात, त्यावर विसंबू नका. चिंगी वजनाने लहान, पण तोंड लांबट. तिला वजनाप्रमाणे येणारा आकार आखूड पडला असता.

पहिल्या दिवशी ती उलटी उलटी चालत सोफ्याखाली गेली. बहुतेक मांजरं असंच करतात, कोन काढून टाकायची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी तिला दाराच्या चौकटीचा अंदाज आला. कापडी कोनाचा खरा फायदा इथे दिसला: आपटल्यावर आवाज होत नाही, आणि झोपताना कड दबते म्हणून ती गाढ झोपली. खाण्यासाठी पसरट बशी घेतली आणि ती पाटावर ठेवली, म्हणजे कड जमिनीला टेकत नाही. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नये, डॉक्टरांना कळवावं. लठ्ठ मांजराचं यकृत अशा उपाशीपणात फार लवकर बिघडतं.

आता दोष. वेल्क्रोत केस अडकून महिन्याभरात त्याची पकड निम्मी झाली. मी जुन्या टूथब्रशने ते साफ करते आणि वरून नाडी बांधते. दुसरं, ही ओली झाली की कोकणच्या पावसात वाळता वाळत नाही, आणि ओला फोम गळ्याशी राहिला तर कातडी लाल होते. पावसाळ्यात दोन लागतातच. तिसरा दोष मोठा आहे. काळू आडदांड बोका, त्याने कोन भिंतीला दाबून मागे दुमडला आणि पंजा गाठला. अशा मांजराला पारदर्शक प्लास्टिकच हवं, मग कितीही आपटलं तरी.

पट्टीबद्दलही लिहिते, कारण कॉलर आणि पट्टी वेगळी करता येत नाहीत. दवाखान्यात चिंगीला आधी जखमेला न चिकटणारी जाळी, मग कापूस आणि वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी बांधली. मधल्या दोन बोटांची टोकं मुद्दाम उघडी ठेवली होती. ती रोज बघायची. दोन नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली किंवा बोटं गार लागली, तर पट्टी आवळली आहे आणि त्याच दिवशी सोडवायला हवी. वास आला किंवा पट्टी ओली झाली तरी तेच. शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये जाताना डॉक्टरांनी सलाईनची रिकामी पिशवी कापून मोज्यासारखी चढवायला दिली, आणि परत आल्यावर लगेच काढायला सांगितली. मांजराला घाम पंजाच्या गाद्यांनाच येतो, त्यामुळे प्लास्टिक ठेवलं तर पट्टी आतून भिजते. गोळे होणारी माती त्या काळात बंद करून कागदाच्या पट्ट्या पसरल्या. हा बदल फार उपयोगी पडला, कारण माती जखमेत चिकटली की निघत नाही.

पट्टी निघाल्यावर धुण्यासाठी सलाईन, किंवा बीटाडीन कोऱ्या चहाइतकं फिकं करून. दहा टक्क्यांचं द्रावण असेल तर त्याच्या दहापट पाणी. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेतल्या नव्या पेशीही मारतात. डेटॉलसारखी जंतुनाशकं आणि फिनेल मांजरांना विषारी आहेत. पंजाला लागलेलं सगळं शेवटी मांजराच्या पोटात जातं, म्हणून लादी पुसायलाही त्या दिवसांत साधं पाणीच वापरलं. हळदीचा लेप आपण सवयीने लावतो, पण केसाळ पंजावर तो वाळून खपली ओढतो आणि मांजर अजून चाटतं.

गांधीलमाशीचं प्रकरण पावसाळा ओसरताना झालं. त्या सुमारास पोळी मोठी झालेली असतात, आणि आमच्या पडवीच्या वाशाला एक होतंच. काळूने खाली उतरलेल्या माशीवर पंजा मारला. थोड्याच वेळात पंजा दुप्पट झाला. शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, "कांदा चोळ गो त्याला, नाहीतर चुना लाव." माणसांना त्या हेच करतात आणि प्रेमानेच सांगत होत्या. "काकी, त्याला कांदा चालत नाही हो," एवढंच म्हटलं. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि चुन्याने कातडी भाजते, चाटलं तर जीभही. मी काय केलं, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ टेकवला आणि त्याचा श्वास बघत बसले.

गांधीलमाशी नांगी ठेवत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. मधमाशीची नांगी मात्र आत राहते आणि तिची पिशवी विष सोडत राहते, ती नखाने किंवा कार्डाच्या कडेने ताबडतोब खरवडून काढायची. ओकारी, लाळ गळणं, तोंडावर सूज, तोंड उघडून श्वास घेणं, हिरड्या फिक्या पडणं, यातलं काहीही दिसलं किंवा डंख तोंडाच्या आत असेल, तर बर्फ बाजूला ठेवून थेट दवाखाना. मांजराला आधी फुप्फुसाचाच त्रास होतो. काळूला यातलं काही झालं नाही, सूज दोन दिवसांत उतरली. कॉलर त्याला डंखासाठी नाही, तर नंतर खाज सुटून तो पंजा कुरतडायला लागला म्हणून घातली.

कोकणात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. सुजलेला पंजा म्हणजे माशीच असं धरून चालू नका. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या गडग्यांत फुरसं असतं. सूज पायावर चढत चालली, चाव्यातून रक्त थांबत नाही, मांजर मलूल झालं, तर ते सर्पदंशाचं लक्षण धरून गाडी काढायची. आणि सूज दोनतीन दिवसांनी, गरम आणि दुखरी उभी राहिली तर बहुतेक वेळा भांडणात दुसऱ्या बोक्याचा दात लागून आत पू झालेला असतो. वरचं भोक इतकं बारीक असतं की केस बाजूला केल्याशिवाय दिसत नाही.

दुखतंय म्हणून घरातली गोळी कधीही देऊ नका, हे हात जोडून सांगते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. माणसांची आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकंही तशीच. वेदनेचं औषध मांजरांसाठी आहे, पण मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडाच्या तब्येतीवर ठरते, ती डॉक्टरच ठरवणार. डंखावरची ॲलर्जीची गोळीसुद्धा याच नियमात.

कॉलर आठ-दहा वेळा हाताने धुतली गेली असेल, शिवण शाबूत आहे, फोम कडेला थोडा चुरगळला आहे. दोनअडीचशे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा नाही. शांत मांजर, पंजाची जखम, घरातलाच वावर, अशा ठिकाणी मी ती बिनदिक्कत सुचवेन. पुढची घेताना वेल्क्रोऐवजी बटणांची शोधणार आहे, आणि काळूसाठी प्लास्टिकचा कोन वेगळा, कडेला कापडी गोट लावून.