सिव्हीसीआरएम: नऊ महिने वापरल्यानंतर

आमची संस्था लहान. पगारी माणसं चार, बाकी जमेल तसे येणारे स्वयंसेवक. देणगीदारांच्या नोंदी चौदा एक्सेल फायलींत, त्यातल्या दोन फायलींचं नाव 'फायनल'. शिवाय एक वही, देणगीचं काम बघणाऱ्या आमच्या ताईंची. त्या निवृत्त होणार म्हटल्यावर आम्ही जागे झालो आणि सिव्हीसीआरएम (थोडक्यात सिव्ही) हे संस्थांसाठीचं देणगीदारांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर घेतलं.

घेतलं म्हणजे विकत नाही. हे मुक्तस्रोत आहे, 2005 पासून चालू आहे आणि वर्डप्रेस, द्रुपल, जूमला अशा वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आत बसतं. आमची वेबसाइट वर्डप्रेसवर होतीच. पण फुकट म्हणून कुणी हुरळून जाऊ नका. सर्व्हर, बॅकअप आणि अपडेटच्या वेळी लागणारा जाणकार माणूस, हा खर्च चुकत नाही. पहिले दोन महिने तर नुसत्या फायली साफ करण्यात गेले.

खरी फजिती झाली ती दुबार नोंदी काढताना. सिव्हीत प्रत्येक रकान्याला गुण देता येतात: ईमेल जुळला तर इतके, आडनाव जुळलं तर इतके. बेरीज ठरवलेल्या आकड्याला पोचली की दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या धरल्या जातात. आम्ही शहाणपणा करून एकट्या फोन नंबरला पूर्ण गुण देऊन टाकले. आठवड्याभरात एका मुलीचा मेल: "मी यंदा काहीच दिलं नाही, मग माझ्या नावाची पावती कशी?" देणगी आईची होती, आईच्या फॉर्मवर नंबर मुलीचा. तपासलं तर अशी एकतीस माणसं दुसऱ्याच्या पोटात गेलेली. एकत्र झालेली नोंद कचरापेटीतून परत काढता येते, पण तिच्या देणग्या दुसऱ्या नावावर सरकलेल्या असतात, त्या आपोआप मागे येत नाहीत. जुन्या बॅकअपशी ताडत हाताने सगळं सोडवलं. दोष आमचाच. एकेक जोडी बघून ठरवायची सोय असताना आम्ही सगळा ढीग एकदम विलीन केला. आता एका घरातल्यांना 'हाउसहोल्ड' नोंदीखाली नात्याने जोडतो, माणसं वेगळी ठेवतो.

सगळ्यात उपयोग झाला तो 'लायबंट' अहवालाचा. गेल्या वर्षी दिलं, यंदा अजून नाही, अशांची यादी. पूर्वी दोन फायली शेजारी उघडून बोट फिरवत करायचो. पहिली यादी आली आणि त्यात दोन नावं वारलेल्या माणसांची. ताईंना ठाऊक होतं, फायलीला नव्हतं. नोंदीवर तशी खूण करायची सोय आहे, पण ती कुणीतरी करावी लागते.

मग वही उघडली. 'फोन नको, पत्रच पाठवा.' याला तयार चौकट आहे, टिक केली की झालं. 'नाव छापू नये' याला नवा रकाना केला. पण 'मुलाच्या आठवणीत देतात, तो विषय आपण काढू नये' हे कुठे टाकायचं? टिपणात टाकलं तर लॉगिन असलेला कुणीही वाचणार. टिपण फक्त लिहिणाऱ्याला दिसेल असं करता येतं, पण लिहिणाऱ्या ताईच तर चालल्या. यावर एक अख्खी मीटिंग गेली. ठरलं असं की स्वयंसेवकांच्या लॉगिनला रकमा आणि टिपणं दिसणारच नाहीत. आणि टिपण असं लिहायचं, की उद्या देणगीदार म्हणाला 'माझ्याबद्दल काय लिहिलंय ते दाखवा', तर स्क्रीन त्याच्याकडे वळवता आली पाहिजे. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात तर तो हक्कच आहे. या कसोटीवर वहीतलं 'चिकट' गळलं, 'फार बोलतात' गळलं. त्या मुलाच्या ओळीचं झालं: 'फोनवर फक्त आभार मानावेत.'

2020 मध्ये ब्लॅकबॉड या मोठ्या कंपनीवर सायबरहल्ला झाला, तेव्हा तिच्याकडे नोंदी ठेवणाऱ्या कितीतरी संस्थांना आणि विद्यापीठांना आपापल्या देणगीदारांना कळवावं लागलं होतं. डेटा स्वतःच्या सर्व्हरवर आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सहाव्या महिन्यात यादी काढली तर सोडून गेलेल्या तिघांचे लॉगिन चालूच.

अडलं की मदत मिळते, हे मात्र मान्य करायला हवं. मार्गदर्शिका सगळ्यांना खुली आहे, आणि ओळखदेख नसलेल्या संस्थांतली माणसं वेळ काढून उत्तरं देतात. आमचा गुणांचा घोळ अशाच एकाने दोन ओळींत सोडवला. म्हणून मग आम्हीही तो किस्सा इतरांसाठी लिहून काढला. पहिल्या खर्ड्यातल्या स्क्रीनशॉटमध्ये देणगीदारांची खरी नावं आणि रकमा तशाच! पाठवण्याआधी दिसलं म्हणून बरं. आता अशा कामासाठी खोट्या नावांची वेगळी प्रत ठेवली आहे.

ताईंचा शेवटचा महिना चालू आहे. वहीची साठ पानं झाली, चाळीस राहिलीत. रोज दुपारी अर्धा तास त्या वाचतात, मी टाइप करते. मध्येच थांबून म्हणतात, "हे नको लिहूस." मी पुढच्या ओळीवर जाते.